स्वोत्तेजित जनित्र आणि अन्योन्याश्रयाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

एकदिश विद्युत्-प्रवाहाच्या जनित्राचे वर्णन करताना पाठ्यपुस्तकांत बहुधा दोन वाक्ये एकापाठोपाठ येतात. पहिले असे की, चुंबकीय क्षेत्रात आर्मेचर फिरविले असता त्यात विद्युत्-दाब उत्पन्न होतो. दुसरे असे की, स्वोत्तेजित जनित्रात हे चुंबकीय क्षेत्र त्याच आर्मेचरने पुरविलेल्या प्रवाहामुळे निर्माण होते. ही वाक्ये सुटी सुटी घेतली तर दोन्ही निर्दोष आहेत. एकत्र वाचली की मात्र तर्कशास्त्राचा थोडासाही संस्कार झालेला वाचक अडखळतो. क्षेत्र नसेल तर दाब नाही, दाब नसेल तर प्रवाह नाही आणि प्रवाह नसेल तर क्षेत्र नाही. मग स्तब्ध असलेले यंत्र फिरू लागल्यावर आरंभ व्हावा तो कोठून?

आपल्या शास्त्रपरंपरेत या आक्षेपाला स्वतंत्र नावच आहे. त्याला अन्योन्याश्रय किंवा इतरेतराश्रय म्हणतात. दोन गोष्टींपैकी प्रत्येकीची सिद्धी दुसरीवर अवलंबून असेल तर दोहोंपैकी एकही सिद्ध होत नाही, हा त्याचा अर्थ. व्याकरणाच्या अभ्यासकाला तो महाभाष्याच्या आरंभीच भेटतो. अष्टाध्यायीच्या पहिल्याच सूत्रात आ, ऐ आणि औ या वर्णांना 'वृद्धी' ही संज्ञा दिली आहे. हे वर्ण आधी अस्तित्वात असतील तर त्यांना संज्ञा देता येणार, आणि पुढे ते सिद्ध व्हावयाचे ते या संज्ञेच्या साहाय्याने; तेव्हा येथे अन्योन्याश्रय होतो, अशी शंका तेथे उपस्थित केली आहे. एका नावेला दुसरी नाव बांधली तर त्या एकमेकींना तारू शकत नाहीत, हा तेथील दृष्टान्त प्रसिद्ध आहे.

भाष्यातील चर्चा येथेच थांबत नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. परस्परावलंबी कार्ये व्यवहारात दिसतात की, असे पूर्वपक्षी म्हणतो. नाव गाडीला वाहून नेते आणि गाडीही नावेला वाहून नेते. यावर उत्तर असे की, तेथे आणखीही काही असते: पाणी किंवा जमीन. जमिनीवर गाडी नावेला वाहते, पाण्यात नाव गाडीला वाहते. पूर्वपक्षी मग एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन काठ्यांचे उदाहरण पुढे करतो. त्यावरही उत्तर तेच, की तेथेसुद्धा शेवटी एक दोरी असते. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या भाषांतरामुळे हा संवाद मराठी वाचकालाही सहज उपलब्ध झाला आहे. त्यातून मिळणारी पद्धती अशी: परस्परावलंबन दिसले की ते असंभाव्य ठरविण्याची घाई करू नये, आणि ते निमूटपणे मान्यही करू नये, तेथे तिसरे काय आहे ते शोधावे.

नव्यन्यायात या दोषाचे उत्पत्ती, स्थिती आणि ज्ञप्ती असे तीन भेद केले जातात. दोन गोष्टी उत्पन्न होण्यासाठी एकमेकींवर अवलंबून असू शकतात, टिकून राहण्यासाठी असू शकतात, किंवा त्यांचे ज्ञान होण्यासाठी असू शकतात. स्वोत्तेजित जनित्राविषयी विद्यार्थ्याच्या मनात जो गोंधळ होतो तो पुष्कळ अंशी हे तीन प्रश्न एकत्र मिसळल्यामुळे होतो. दाब मुळात उत्पन्न कसा होतो, तो अमुक एका मूल्यापाशीच का थांबतो व ते मूल्य कसे काढावयाचे, आणि एकदा उत्पन्न झाल्यावर तो टिकतो कशाच्या बळावर, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

२. उत्पत्ती: लोखंडात उरलेले चुंबकत्व

जनित्राचे मुख्य भाग थोडक्यात असे. बाहेरच्या स्थिर चौकटीला लोखंडी ध्रुव जोडलेले असतात व त्यांवर तांब्याच्या तारेची क्षेत्रवेटोळी बसविलेली असतात. ध्रुवांच्या मध्ये आर्मेचर फिरते. त्याच्या तारांत उत्पन्न होणारा दाब दर अर्ध्या आवर्तनाला दिशा बदलत असतो. दिक्परिवर्तक आणि त्यावर टेकलेले कार्बनचे ब्रश यांच्या योगाने तो बाहेर एकाच दिशेने मिळतो. क्षेत्रवेटोळी बाहेरच्या बॅटरीला जोडली तर यंत्र परोत्तेजित होते. ती आर्मेचरच्याच ब्रशांना जोडली तर स्वोत्तेजित होते. या दुसऱ्या प्रकारात वेटोळी आर्मेचरशी समांतर जोडता येतात किंवा आर्मेचर व भार यांच्याबरोबर एकसरीत जोडता येतात. दोन्ही जोडण्यांचा संयोगही करतात. पुढील विवेचन मुख्यतः समांतर जोडणीचे आहे.

या यंत्रातील 'तिसरी गोष्ट' म्हणजे ध्रुवांच्या लोखंडात उरलेले चुंबकत्व होय. लोखंडाभोवतीच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला की ते चुंबक बनते, हे सर्वश्रुत आहे. प्रवाह बंद केल्यावर मात्र ते पूर्णपणे पूर्वस्थितीला जात नाही. लोखंडातील सूक्ष्म चुंबकीय प्रदेश प्रवाहामुळे एका दिशेला वळलेले असतात. त्यांपैकी काही तसेच अडून राहतात. या उरलेल्या अंशाला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. चुंबकनाच्या कारणामागून कार्य असे रेंगाळत येते, या घटनेला जेम्स आल्फ्रेड यूइंग याने १८८१ च्या सुमारास, टोकियो येथे अध्यापन करीत असताना, 'हिस्टेरिसिस' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मागे पडणे, उशिरा येणे असा आहे.

एकदा चाललेले जनित्र बंद केल्यावर त्याच्या ध्रुवांत असे अल्प चुंबकत्व शिल्लक असते. आर्मेचर पुन्हा फिरू लागले की या दुर्बल क्षेत्रातही थोडासा दाब उत्पन्न होतो. तो क्षेत्रवेटोळ्यांत थोडा प्रवाह पाठवितो. प्रवाहाची दिशा योग्य असेल तर ध्रुवांचे चुंबकत्व वाढते. त्यामुळे दाब वाढतो, आणि हा क्रम चालू राहतो.

येथे भाषेच्या अंगाने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'चुंबकत्वामुळे प्रवाह आणि प्रवाहामुळे चुंबकत्व' या वाक्यात चुंबकत्व हे नाम दोनदा आले आहे. परंतु त्याचा निर्देश दोन्ही ठिकाणी एकच नाही. पहिले चुंबकत्व मागील वेळच्या प्रवाहाने मागे ठेवलेले आहे, दुसरे आताच्या प्रवाहाने त्यात घातलेली भर आहे. सामान्य सत्य सांगणाऱ्या वर्तमानकाळी वाक्यात काळाचा निर्देश गळून पडतो आणि केवळ नामाच्या एकरूपतेमुळे एक वर्तुळ तयार झाल्यासारखे दिसते. काळाचा निर्देश परत आणला की वर्तुळाची मळसूत्रासारखी चढती रेषा होते. बीज आणि अंकुर यांच्या न्यायातही हेच आहे. ज्या बीजापासून वृक्ष झाला तेच बीज त्या वृक्षाला येत नाही.

बीजांकुरन्यायात मात्र परंपरा अनादी मानावी लागते. जनित्राच्या बाबतीत तसे मानण्याचे कारण नाही. कारखान्यातून नव्याने आलेल्या यंत्राच्या क्षेत्रवेटोळ्यांतून केव्हातरी बॅटरीचा प्रवाह सोडलेला असतो; तेथे परंपरेचा आरंभ स्पष्टच दाखविता येतो.

३. वाढीचा क्रम

ही वाढ आकड्यांत पाहिली म्हणजे तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. स्पष्टीकरणापुरते एक यंत्र कल्पू. ते मिनिटाला १००० फेरे या गतीने फिरत आहे. त्याच्या क्षेत्रवेटोळ्यांचा एकूण रोध २२० ओहम आहे. क्षेत्रप्रवाह शून्य असताना, म्हणजे केवळ अवशिष्ट चुंबकत्वामुळे, ते ६ व्होल्ट दाब देते. क्षेत्रप्रवाह बाहेरून पुरवून मोजणी केली असता ०.१ अँपिअरला ४६ व्होल्ट, ०.२ ला ८६, ०.३ ला १२४, ०.४ ला १५६, ०.६ ला १९२, ०.८ ला २१०, १.० ला २२० आणि १.२ ला २२७ व्होल्ट असा दाब मिळतो. या आकड्यांचा आलेख काढला तर जी वक्ररेषा मिळते ती या यंत्राची चुंबकन-रेषा होय. आर्मेचरचा स्वतःचा रोध क्षेत्ररोधाच्या मानाने फार थोडा असल्यामुळे तो येथे सोडून दिला आहे.

आता क्षेत्रवेटोळी ब्रशांना जोडली. ६ व्होल्ट दाब २२० ओहम रोधातून सुमारे ०.०२७ अँपिअर प्रवाह पाठवील. एवढ्या प्रवाहाने दाब सुमारे १७ व्होल्ट होईल. १७ व्होल्टला प्रवाह ०.०७७ अँपिअर, आणि त्या प्रवाहाला दाब ३७ व्होल्ट. पुढे याच रीतीने ७३, १३४, १९३, २१४, २१९ असा दाब चढत जातो आणि २२० व्होल्टपाशी स्थिर होतो. आरंभीच्या पायऱ्यांत दाब जवळजवळ दुप्पट होत आहे, शेवटच्या पायऱ्यांत तो जेमतेम हालत आहे, हे लक्षात घ्यावे.

प्रत्यक्षात वाढ अशी पायरीपायरीने होत नाही. ती अखंड असते. क्षेत्रवेटोळ्यांच्या अंगी स्वप्रवर्तनाचा गुण असल्याने त्यांतील प्रवाह एकदम बदलू शकत नाही. कोणत्याही क्षणी आर्मेचरमध्ये उत्पन्न होणारा दाब आणि तेवढा प्रवाह रोधातून चालू ठेवण्यास लागणारा दाब यांत जो फरक असेल तोच प्रवाह वाढविण्याच्या कामी येतो. फरक मोठा तर वाढ जलद, फरक लहान तर वाढ मंद, फरक शून्य तर वाढ बंद. वरील यंत्रात हा फरक आरंभी ६ व्होल्ट, ०.४ अँपिअरला ६८ व्होल्ट, ०.८ अँपिअरला ३४ व्होल्ट आणि १ अँपिअरला शून्य आहे. म्हणून व्होल्टमापकाचा काटा प्रथम रेंगाळतो, मग झपाट्याने चढतो आणि अखेर हळूहळू आपल्या जागी येऊन थांबतो.

४. मर्यादा आणि ज्ञप्ती

वाढ सुरू कशी होते हे कळल्यावर उलट प्रश्न उभा राहतो. प्रत्येक वाढ पुढील वाढीला कारण होत असेल तर ती थांबते कशामुळे? याचेही उत्तर लोखंडातच आहे. चुंबकीय प्रदेश दिशेने लागत जातात तसतसे वळावयाचे राहिलेले प्रदेश कमी होत जातात, आणि प्रवाहाच्या सारख्याच वाढीने चुंबकत्वात होणारी भर उत्तरोत्तर घटत जाते. या अवस्थेला संतृप्ती म्हणतात. वरील आकड्यांत आरंभीच्या ०.१ अँपिअरने दाब ४० व्होल्टनी वाढला, ०.८ पासून १.० पर्यंतच्या ०.२ अँपिअरने तो अवघा १० व्होल्टनी वाढला. रोधाची गोष्ट तशी नाही. तो प्रत्येक अँपिअरमागे २२० व्होल्ट मागतोच. आलेखावर ही मागणी आरंभबिंदूतून निघणाऱ्या सरळ रेषेने दाखवितात. वक्ररेषा पुरवठा दाखविते, सरळ रेषा मागणी दाखविते, आणि दोन्ही जेथे छेदतात तेथे यंत्र स्थिरावते.

ज्ञप्तीचा प्रश्नही येथेच सुटतो. दाब कळण्यासाठी प्रवाह माहीत हवा आणि प्रवाह कळण्यासाठी दाब माहीत हवा, हे खरे. परंतु दोन अज्ञातांविषयी दोन स्वतंत्र संबंध माहीत असले म्हणजे दोन्ही अज्ञाते एकदमच निश्चित होतात. वक्ररेषा लोखंडाच्या गुणधर्मातून आली आहे, सरळ रेषा तारेच्या रोधातून आली आहे. कोणतीही दुसरीवर अवलंबून नाही. जनित्राचे वर्तन अशा रेषेने दाखविण्याची पद्धती जॉन हॉपकिन्सन याने १८७९ मध्ये पुढे मांडली आणि तेव्हापासून ती अभियंत्यांच्या नित्य वापरात आहे.

या आलेखावरून आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. क्षेत्ररोध वाढवीत नेला तर सरळ रेषा अधिक उभी होत जाते आणि छेदबिंदू खाली सरकतो. आपल्या यंत्रात रोध ३०० ओहम केला तर दाब १९८ व्होल्टच्या आसपास राहील. ४०० ओहमच्या सुमारास सरळ रेषा वक्ररेषेच्या आरंभीच्या भागाला समांतर होते. या रोधाला क्रांतिक रोध म्हणतात. त्याच्या पलीकडे, उदाहरणार्थ ६०० ओहमला, छेदबिंदू अवघ्या १८ व्होल्टवर येतो. अवशिष्ट चुंबकत्व आहे, दिशा योग्य आहे, गती पुरेशी आहे, तरी यंत्र 'चढत' नाही. बीज शाबूत असूनही अंकुर फुटत नाही. कारण प्रत्येक पायरीवर मिळणारी भर मागणीपेक्षा कमी पडते.

गतीचा परिणामही याच रीतीने समजतो. दाब गतीच्या प्रमाणात असल्याने गती निम्मी केली की संपूर्ण वक्ररेषा निम्म्या उंचीवर येते. ५०० फेऱ्यांना आपल्या यंत्राचा दाब २२० ओहम रोध असताना ३३ व्होल्टच्या वर जाणार नाही. सुमारे ५५० फेरे ही या रोधापुरती क्रांतिक गती होय. वस्तुतः १००० ची गती निम्मी झाली तर दाबही निम्मा, म्हणजे ११० व्होल्ट, व्हावा अशी अपेक्षा असते; ती येथे साफ चुकते. परस्परपोषक कारणांच्या बाबतीत प्रमाणाचे साधे गणित चालत नाही याचे हे बोलके उदाहरण आहे.

संतृप्ती नसती तर काय झाले असते तेही पाहावे. मग वक्ररेषा सरळच राहिली असती आणि क्रांतिक रोधाच्या आत ती मागणीच्या रेषेला कोठेही छेदती ना. दाब वाढतच गेला असता. यंत्र फिरविणाऱ्या इंजिनाची शक्ती अपुरी पडेपर्यंत, पट्टा घसरेपर्यंत किंवा तारेवरील वेष्टन जळेपर्यंत. उलट, लोखंडात हिस्टेरिसिस नसता तर वाढीला आरंभच झाला नसता. पाठ्यपुस्तकांत हे दोन्ही गुण बहुधा दोष म्हणून येतात. हिस्टेरिसिसमुळे शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि संतृप्तीमुळे तांबे अधिक लागते, हे खरेच आहे. परंतु गणिती सोयीसाठी कल्पिलेल्या आदर्श लोखंडाचे स्वोत्तेजित जनित्र एक तर कधी सुरू झाले नसते, आणि सुरू झाले असते तर थांबले नसते. त्याला आरंभ मिळतो लोखंडाच्या स्मृतीने आणि मर्यादा मिळते लोखंडाच्या तृप्तीने.

५. दाब न चढण्याची कारणे

सिद्धान्ताची कसोटी बिघाडात लागते. समांतर जनित्र फिरत असूनही दाब चढत नसेल तर वरील विवेचनावरून कारणे क्रमाने सांगता येतात.

पहिले कारण बीजनाश. यंत्र फार काळ पडून राहिल्याने, जोरदार धक्क्यांनी किंवा क्षेत्रातून उलट प्रवाह गेल्याने अवशिष्ट चुंबकत्व नाहीसे होऊ शकते. उपाय म्हणजे बॅटरीचा प्रवाह क्षणभर क्षेत्रवेटोळ्यांतून योग्य दिशेने सोडणे. कारागीर याला फील्ड फ्लॅश करणे म्हणतात.

दुसरे कारण दिशा. क्षेत्रवेटोळ्यांची टोके उलटी जोडली असतील तर अवशिष्ट चुंबकत्वाने निर्माण केलेला प्रवाह त्याच चुंबकत्वाला विरोध करतो. याची परीक्षा सोपी आहे. क्षेत्र तोडून व्होल्टमापक पाहावा, मग क्षेत्र जोडून पाहावा. ६ व्होल्ट दाखविणारा काटा क्षेत्र जोडल्यावर खाली आला तर जोडणी उलटी आहे असे समजावे. आर्मेचर उलट दिशेने फिरविले तरी हाच परिणाम होतो. जोडणी आणि फिरण्याची दिशा दोन्ही उलटी असतील तर मात्र यंत्र चढते. 'नाही असे नाही' या वाक्यात दोन नकारांचा होकार होतो, तसेच हे आहे. अवशिष्ट चुंबकत्वाचीच दिशा उलटी झाली असेल तर यंत्र पूर्ववत् चढते, फक्त त्याचे धन आणि ऋण अग्र बदलतात. प्रवाहाने पोषण कोणाचे व्हावे हे जोडणी ठरविते. कोणत्या चिन्हाचे व्हावे हे बीज ठरविते.

तिसरे कारण रोध. नियामक रोध अधिक ठेवलेला असेल, जोड सैल असेल किंवा दिक्परिवर्तकावर मळ चढून ब्रशांचा स्पर्श नीट होत नसेल तर मंडलाचा रोध क्रांतिक मर्यादेबाहेर जातो. आरंभीचा दाब इतका अल्प असतो की, एरवी न जाणवणारा मळाचा पापुद्राही त्याला अडवू शकतो. चौथे कारण गती; ती क्रांतिक मर्यादेखाली असता कामा नये.

पाचवे कारण भार. समांतर जनित्राला चढण्यापूर्वीच मोठा भार जोडला तर अल्पशा दाबाने निर्माण झालेला प्रवाह क्षेत्राकडे न जाता भारातून निघून जातो. म्हणून आधी दाब चढू द्यावा आणि मग भार घालावा. एकसरी जनित्राचा नियम नेमका उलटा आहे. तेथे भारातून जाणारा प्रवाह हाच क्षेत्रप्रवाह असल्याने भार जोडल्यावाचून मंडल पुरेच होत नाही.

६. शोधाचा इतिहास

विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये लावला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इपोलीत पिक्सी याने कायम चुंबकाचे जनित्र बनविले. त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे व्यवहारातील जनित्रे मुख्यतः कायम चुंबकांवर चालत. ती अवजड असत आणि चुंबकांचे बळ काळाने क्षीण होई. १८६६ मध्ये हेन्री वाइल्ड याने कायम चुंबकाच्या लहान जनित्राचा प्रवाह मोठ्या जनित्राच्या विद्युत्-चुंबकांना पुरविला. हे परोत्तेजन होते. लहान यंत्र काढून टाकून मोठ्या यंत्राने आपले क्षेत्र आपणच पोसावे, एवढेच आता उरले होते.

हे पाऊल अनेकांनी जवळजवळ एकाच वेळी टाकले. सॅम्युएल आल्फ्रेड व्हार्ली याने २४ डिसेंबर १८६६ रोजी इंग्लंडमध्ये एकस्वासाठी अर्ज दाखल केला. वेर्नर सीमेन्सचा निबंध बर्लिनच्या विज्ञान अकादमीत १७ जानेवारी १८६७ रोजी भौतिकीचे प्राध्यापक माग्नुस यांनी वाचला. १४ फेब्रुवारी १८६७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत वेर्नरचा बंधू विल्यम सीमेन्स आणि चार्ल्स व्हीटस्टन या दोघांचेही निबंध एकाच बैठकीत सादर झाले. सीमेन्सच्या यंत्रात क्षेत्र एकसरीत होते. व्हीटस्टनने समांतर जोडणीचाही विचार केला होता. त्याच्याही आधी डेन्मार्कच्या सोरेन योर्ट याने १८५५ च्या एकस्वात कायम चुंबक आणि स्वपोषित विद्युत्-चुंबक यांची सांगड घातली होती, आणि हंगेरीतील बेनेडिक्टाइन धर्मगुरू व भौतिकीचे अध्यापक आन्योश येदलिक यांनी १८६१ च्या सुमारास हेच तत्त्व ओळखले होते. मात्र त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही.

१८६७ च्या फेब्रुवारीतील त्या दोन निबंधांची शीर्षके तुलना करण्याजोगी आहेत. सीमेन्सचे शीर्षक कायम चुंबकत्वाच्या साहाय्यावाचून गतिशक्तीचे विद्युत्-शक्तीत रूपांतर करण्याविषयी आहे. व्हीटस्टनचे शीर्षक चुंबकानेच प्रवर्तित केलेल्या प्रवाहांच्या प्रतिक्रियेने त्या चुंबकाचे बळ वाढविण्याविषयी आहे. यंत्र एकाच तत्त्वाचे, पण एकाची दृष्टी शक्ती कोठून येते यावर, दुसऱ्याची परस्परपोषणावर. पुढे रूढ झालेला 'डायनॅमो' हा शब्द शक्ती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. म्हणजे नामकरणात पहिली दृष्टी विजयी झाली. 'स्वोत्तेजित' या विशेषणात दुसरी दृष्टी टिकून राहिली.

७. स्थिती

आता तिसरा प्रश्न. २२० व्होल्टपाशी स्थिर झालेल्या यंत्रात दाब क्षेत्रावर आणि क्षेत्र दाबावर खरोखरच एकाच वेळी अवलंबून आहेत. येथे काळाचा निर्देश करून वर्तुळ मोडता येत नाही. अवशिष्ट चुंबकत्वाचे कार्यही आता फारसे उरलेले नाही. मग ही स्थिती दोषयुक्त नव्हे काय?

तशी ती नाही, आणि याचे कारण पुन्हा तिसऱ्या गोष्टीत आहे. क्षेत्रवेटोळ्यांत २२० व्होल्टला १ अँपिअर, म्हणजे २२० वॉट शक्ती, सतत उष्णतेच्या रूपाने खर्च होत असते. ती आर्मेचर फिरविणाऱ्या इंजिनाकडून किंवा पाण्याच्या चक्राकडून येते. प्रवाह वाढतो तसा आर्मेचर फिरविण्याला विरोध वाढतो. हाताने फिरवावयाचे छोटे जनित्र चढू लागले की दांडा जड होतो तो यामुळेच. क्षेत्र व प्रवाह एकमेकांना आकार देतात. शक्ती मात्र दोघांनाही बाहेरून मिळते. एकमेकींना टेकलेल्या काठ्यांना दोरी असते, तशी ही यांत्रिक शक्ती आहे. ती बंद झाली की दोन्ही काठ्या एकदम खाली येतात.

ही स्थिती चिवटही आहे. प्रवाह काही कारणाने ०.८ अँपिअरवर आला तर पुरवठा २१० व्होल्टचा व मागणी १७६ ची. प्रवाह परत वाढतो. तो १.२ वर गेला तर पुरवठा २२७ चा व मागणी २६४ ची. प्रवाह परत घटतो. परंतु समांतर जनित्राची अग्रे जाड तारेने एकमेकांना जोडली तर क्षेत्राला मिळणारा दाब नाहीसा होतो, क्षेत्र कोसळते, आणि यंत्र चढले त्याच मार्गाने उतरते. परस्परपोषण दोन्ही दिशांनी काम करते.

हा विचार केवळ जुन्या यंत्रांपुरता नाही. वीजकेंद्रांतील मोठ्या प्रत्यावर्ती जनित्रांच्या क्षेत्राला विसाव्या शतकात दीर्घकाळ अशीच एकदिश जनित्रे प्रवाह पुरवीत असत. पुढे त्यांची जागा अर्धसंवाहकांच्या उत्तेजकांनी घेतली. तरीही फार दिवस पडून राहिलेल्या लहान जनित्रसंचाचे क्षेत्र बॅटरीने जागे करावे लागते, हा अनुभव आजही येतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे आजचे स्पष्टीकरणही याच तत्त्वावर उभे आहे. पृथ्वीच्या गर्भातील वितळलेल्या लोहाचा प्रवाह आपले क्षेत्र आपणच पोसतो, ही कल्पना जोसेफ लार्मर याने सूर्य व पृथ्वी यांच्या संदर्भात १९१९ मध्ये मांडली. अशा यंत्रणेला दोन्ही चिन्हे सारखीच मानवतात हे वर पाहिलेच आहे; पृथ्वीचे क्षेत्रही अनेकदा उलटलेले आहे. याची साक्ष सह्याद्रीतच मिळते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजांनी त्या काळच्या क्षेत्राची दिशा अवशिष्ट चुंबकत्वाच्या रूपाने धरून ठेवली. पश्चिम घाटाच्या खालच्या थरांत ती बहुतांशी आजच्या उलट आहे आणि महाबळेश्वराकडील वरच्या थरांत आजच्यासारखी आहे.

सारांश, स्वोत्तेजित जनित्रात अन्योन्याश्रयाचा दोष नाही. परस्परावलंबन मात्र आहे. उत्पत्तीच्या वेळी त्याला अवशिष्ट चुंबकत्वाचा आधार आहे, ज्ञप्तीच्या वेळी दोन स्वतंत्र रेषांचा आहे आणि स्थितीच्या काळात बाहेरून येणाऱ्या शक्तीचा आहे. 'स्वोत्तेजित' या शब्दातील 'स्व' याच मर्यादेत घ्यावयास हवा. आपले क्षेत्र आपण पोसणारे, एवढाच त्याचा अर्थ. आपणच आपल्याला उत्पन्न करणारे, असा नव्हे. पारिभाषिक शब्द शिकविताना हा भेद सांगितला गेला तर विद्यार्थ्याचा आरंभीचा आक्षेप अज्ञानातून आलेला म्हणून बाजूला सारण्याची वेळ येणार नाही. तो आक्षेप योग्यच असतो. तेथे आणखी काय आहे, हे त्याने विचारले पाहिजे. आणि त्याचे उत्तर शिक्षकाजवळ तयार असले पाहिजे.